सर नव्हते, म्हणून मी हालचाल बदलली

एका मैत्रिणीने सल्ला विचारायला पत्र पाठवलंय, ते थोडक्यात असं आहे. ही मैत्रीण सांगलीची, वय चोवीस. दिवसभर नोकरी आणि रात्री आठ ते अकरा एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. एका हौशी संस्थेच्या दोन अंकी नाटकाची ती सहायक दिग्दर्शक आहे. नाटक राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत सांगली केंद्रावर होणार असून प्रयोगाला तीन आठवडे उरले आहेत. दोन महिन्यांत तिच्या वाट्याला आलेली कामं म्हणजे हजेरी, सगळ्यांना फोन, चहा, प्रॉम्प्टिंग (नट अडला की विंगेतून शब्द देणं) आणि प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू) गोळा करणं. तिने सुचवलेली एक गोष्ट सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, आधी "नको" म्हणून उडवून लावली आणि आठवड्याने तीच स्वतःची म्हणून नटांना सांगितली. मध्यंतरी सर चार दिवस बाहेरगावी होते. तेव्हा वडिलांची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटाच्या आग्रहावरून तिने दुसऱ्या अंकातली एक हालचाल बदलली. परत आल्यावर सर सगळ्यांसमोर तिला वाट्टेल ते बोलले. आता काही मुलांनी तिला जानेवारीतल्या एका एकांकिकेचं दिग्दर्शन करायला बोलावलंय, पण त्यांना वाचन लगेच सुरू करायचंय. रात्री उशिरा घरी येण्यावरून आईची कुरबुर आहेच. ती विचारते, "ताई, हे नाटक सोडून एकांकिका घेऊ का? दोन महिन्यांत मी शिकले तरी काय? मी नुसती हजर असते."

तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? तू ताई म्हणालीस, म्हणून.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझ्या सरांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुझ्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. "मी नुसती हजर असते." तालमीच्या हॉलमध्ये डाव्या बाजूला ती एक प्लॅस्टिकची खुर्ची असते, पुढ्यात संहिता, हातात पेन्सिल. त्या खुर्चीवर मी पाच नाटकं काढली आणि मग दिग्दर्शनाकडे वळले. म्हणून तुला आधी एक विचारते. साठेक दिवस सगळ्या तालमींना हजर असलेलं तुमच्या नाटकात दुसरं कोण आहे? नट आपापल्या प्रवेशापुरते येतात. सरसुद्धा चार दिवस नव्हते. नाटक पहिल्या वाचनापासून आजपर्यंत रोज कसं बदलत गेलं, हे अख्ख्या संस्थेत फक्त तू पाहिलंयस. याला तू 'नुसती' म्हणतेस, तिथे माझं तुझ्याशी पटत नाही.

आता त्या हालचालीबद्दल, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे आणि तू तो चार ओळींत उरकलायस.

तू लिहितेस की वडील खिडकीपाशी उभं राहून पत्र वाचतात, तिथे त्या काकांना खुर्चीत बसून वाचायचं होतं. "वयस्कर माणूस एवढं लांब पत्र उभ्याने कशाला वाचेल?" हा त्यांचा मुद्दा तुला पटला आणि तू त्यांना बसवलंस. त्या प्रवेशापुरतं बघितलं तर काका बरोबरच बोलत होते. पण पुढच्या दीड पानात काय काय झालं, तेही तूच लिहिलंयस. मुलगी मागच्या दारातून येते, ती आता वडिलांच्या पाठीमागे आली. तिला त्यांचा चेहरा दिसेना, म्हणून तिचं "बाबा, काय झालं?" पोकळ वाटायला लागलं. वडील खिडकीकडून वळतात त्या वळण्यावर संगीताच्या मुलाचा क्यू (संगीत सुरू करायची खूण) होता. वळणंच नाही म्हटल्यावर त्याचा क्यू हुकला. तू लिहिलं नाहीस तरी मी सांगते, प्रकाशयोजनेत त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा विचार आधीच झालेला असणार. एक माणूस बसला आणि चौघांचं काम हललं.

नाटकातली हालचाल अशी एकटी नसते गं. कोण कुठून येणार, कोणाकडे बघून बोलणार, दिवा कुठे लागणार, पुढच्या प्रवेशात कप कोणत्या टेबलावर सापडणार, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. हे मला कुठल्या शिबिरात कळलं नाही, अशाच चुकांतून कळलं. तुला ते पहिल्याच नाटकात कळलंय. मग 'काय शिकले' हा प्रश्न राहतो कुठे?

सर नसताना तालीम घ्यायची म्हणजे सर नाटक जिथे ठेवून गेले तिथेच ते त्यांच्या हाती परत द्यायचं. त्या चार दिवसांत पाठांतर पक्कं करून घ्यायचं, अडखळणारे प्रवेश पुन्हा पुन्हा घ्यायचे, क्यू उचलायला उशीर होतोय तिथे नटांना सावध करायचं. नवीन काही बसवायचं नाही. काकांना म्हणायचं, "काका, तुमचं म्हणणं मी लिहून ठेवते. सर आले की आधी हेच दाखवू. तोवर आपण आहे तसंच करू." यात काकांचा मान राहतो, सरांचा राहतो आणि तुझाही राहतो. हालचाल बदलायला नको होती, हे मी तुला स्पष्टच सांगते.

पण सगळ्यांसमोर तुला बोलले ही चूक सरांची, आणि ती तुझ्या चुकीत मिसळायची नाही. तू चुकलीस म्हणून त्यांचं ओरडणं बरोबर ठरत नाही. ते ओरडले म्हणून तुझी चूक पुसली जात नाही. दोन्ही वेगळं ठेवलंस तरच त्यांच्याशी बोलता येईल. तालीम सुरू व्हायच्या आधी, हॉल उघडताना, पाच मिनिटं माग. म्हण, "सर, हालचाल मी बदलायला नको होती. पुढचा क्यू हुकला तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. पण मला सगळ्यांसमोर बोललात त्यानंतर नट माझं ऐकेनासे झालेत, आणि तुम्ही नसताना तालीम मलाच घ्यायची असते. पुढच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगा." एवढंच बोल. जुने हिशेब त्या दिवशी काढू नकोस. हौशी नाटकातला दिग्दर्शकसुद्धा दिवसभर कुठेतरी नोकरी करूनच आलेला असतो, आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आली की त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. मी त्यांची बाजू घेत नाहीये. ते ऐकतील अशी वेळ कोणती, ते सांगतेय.

तुझी कल्पना त्यांनी आठवड्याने आपली म्हणून वापरली, याचं तुला फार लागलंय. लागणारच. शक्यता दोन आहेत. एक, ती तुझी आहे हे माहीत असून त्यांनी घेतली. दुसरी, तू बोललीस तेव्हा त्यांचं लक्ष भलतीकडे होतं, शब्द मात्र कानात राहिले आणि आठवड्याने ते त्यांचेच होऊन बाहेर पडले. तालमीत हे फार होतं. दिग्दर्शक झाल्यावर माझ्या हातूनही झालंय, आणि माझ्या सहायकाने वहीतली तारीख दाखवली तेव्हा मी तिची माफी मागितली. सरांच्या बाबतीत यातलं कोणतं खरं, हे मला इथून कळणार नाही. पण तू बोललीस कधी, ते तपासून बघ. तालीम चालू असताना, नटांच्या देखत, "सर, इथे असं केलं तर?" असं विचारलं की बहुतेक दिग्दर्शक 'नको' म्हणतात. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी जुळत असतं. सूचना तालमीनंतर द्यायची, आणि शक्यतो मत म्हणून देऊच नये.

हे जरा उलगडून सांगते, कारण सहायकाला बोलावं कसं हे कोणी शिकवत नाही. "सर, दुसरा प्रवेश रेंगाळतोय" हे तुझं मत झालं. ते पटेल किंवा पटणार नाही. "सर, दुसरा प्रवेश मंगळवारी चौदा मिनिटांत संपला, आज सतरा लागली, आणि वाढलेली तीन मिनिटं पत्राच्या आधी वाढलीत" ही नोंद झाली. यावर वाद घालता येत नाही आणि त्यात कोणाचा अपमानही नाही. हातात मोबाइल असतोच, प्रत्येक प्रवेशाची वेळ रोज लिही. आठ दिवसांत तुला दिसेल की पाठांतर पक्कं झाल्यावर नाटक आधी आखडतं आणि मग हळूहळू फुगायला लागतं, कारण नटांना आपापल्या जागा आवडू लागतात. कोण कुठे एखादं वाक्य जास्तीचं घालतंय तेही लिहून ठेव. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलेली संहिता असते, आणि हे वाक्य तिच्यात नसतं. तालमीत रुळलेलं पदरचं वाक्य प्रयोगाला तसंच निघून जातं, आणि तेव्हा "हे कधी आलं?" याचं उत्तर फक्त तुझ्या वहीत असतं.

प्रॉम्प्टिंगला तू हमाली म्हटलंयस. माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते, आजही आठवली की अंगावर काटा येतो. माझं दुसरं नाटक. आईची भूमिका करणाऱ्या बाई शेवटच्या प्रवेशात मुलाची बॅग भरताना थांबायच्या. हातात शर्ट, आणि गप्प. रोज थांबायच्या, पण मी ते संहितेत कुठे लिहून ठेवलं नव्हतं. रंगीत तालमीला त्या नेहमीपेक्षा जरा जास्त थांबल्या. मला वाटलं, वाक्य विसरल्या. मी विंगेतून पुढचा शब्द दिला, तोही चांगला ऐकू जाईल असा. बाईंनी वाक्य घेतलं, प्रवेश पुरा केला. नंतर मेकअप पुसता पुसता मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "शब्द सगळ्यांनाच दिसतात बाळा. मी गप्प कुठे बसते ते तू लिहून ठेव." त्या रात्री घरी जाऊन मी अख्ख्या संहितेत पेन्सिलीने खुणा केल्या. विरामाला आडवी रेघ, लांब विरामाला दोन रेघा, श्वासाला छोटं टिंब. विसरलेला नट आणि थांबलेला नट यातला फरक मग मला दिसायला लागला. विसरलेल्याची नजर हलते, बोटं काहीतरी शोधतात. थांबलेला माणूस स्थिर असतो. अभिनयातलं पुढे जे काही मला कळलं, त्याची सुरुवात त्या रेघांपासून झाली.

तुझ्या संहितेत अशा खुणा आहेत का? नसतील तर आजच अशी एक वही कर. पानं सुटी करून मोठ्या वहीत डाव्या बाजूला चिकटव, उजवं पान कोरं ठेव. उजवीकडे हालचाली, क्यू, प्रॉपर्टी, वेळा. सगळं पेन्सिलीने, कारण बदलत राहणार. तीन आठवडेसुद्धा यासाठी पुष्कळ झाले.

तू सांगलीत राहून हे विचारतेस म्हणून मला थोडं मागे जावंसं वाटतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि त्याच्या आठवणीत आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो, हे तुला ठाऊकच असेल. त्या नाटकांत पात्रांना लिहून दिलेली गद्य भाषणं नसायची, प्रसंग ओळखून ती आपल्या मनाने बोलायची. पदं म्हणत नाटक पुढे नेणारा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा असलेला माणूस म्हणजे सूत्रधार. पात्रं येत होती, जात होती, धागा त्याच्या हातात होता. आणि पलीकडे हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. 'शारदा'चे नाटककार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांचा दबदबा तालीम मास्तर म्हणून होता. तालीम मास्तर! केवढा मानाचा शब्द होता तो. दुसऱ्याचं नाटक, दुसऱ्याचे नट, आणि रोज तेच ते घोटून घ्यायचं. तुझी खुर्ची त्यांच्या बैठकीच्या जवळची आहे, असं मला मनापासून वाटतं.

चहाचं मात्र मी गोड बोलून सोडणार नाही. प्रॉपर्टी, हजेरी, फोन ही सहायकाची कामं आहेतच, दहा माणसं वेळेवर येणं हाही नाटकाचाच भाग आहे. पण रोजचा चहा करणं आणि कप विसळणं तुझ्याकडे आलंय, कारण तिथे तू मुलगी आहेस. त्याची पाळी लाव. हजेरीच्या वहीतच कोणाचा दिवस कोणता ते लिही आणि पहिल्या दिवशी सरांचं नाव घाल. बहुतेक जण निमूट करतात.

अजून एक, जे तू ओझरतं लिहिलंयस. काका तुझ्यापाशी सरांबद्दल तक्रारी करतात. ऐकून घे, पाणी दे, पण ते सरांपर्यंत पोचवू नकोस आणि "हो ना काका" असंही म्हणू नकोस. नट थकतो तेव्हा त्याला कोणाशी तरी बोलायचं असतं. उद्या तो सगळं विसरतो, तुझा होकार मात्र लक्षात ठेवतो. त्या हालचालीची सुरुवातही अशाच एखाद्या होकारातून झाली असेल, नीट आठवून बघ.

आता सोडायचं की राहायचं. आज सोडलंस तर एकांकिकेला पूर्ण वेळ मिळेल, रात्री लवकर घरी जाशील, डोक्याचा ताप जाईल. हे फायदे खरे आहेत, मी नाकारत नाही. आणि सर रोज अपमान करत असते, किंवा तिथे तुला कोणाची भीती वाटत असती, तर मी म्हटलं असतं की आत्ताच्या आत्ता बाहेर पड, नाटक गेलं खड्ड्यात. तुझ्या पत्रात तसं काही मला दिसलं नाही. असेल आणि लिहिलं नसशील, तर हा सल्ला बाजूला ठेव आणि घरच्यांशी बोल.

तसं नसेल तर तीन आठवडे थांब, असं माझं मत आहे. नाटकाची दया येऊन हे म्हणत नाही. सहायकाला सगळ्यात जास्त शिकवणारे दिवस पुढेच आहेत. शाळेचा हॉल आणि नाट्यगृहाचा रंगमंच यांची मापं वेगळी असतात. जिथे काका आज चार पावलांत खिडकीपाशी पोचतात तिथे त्यांना सात लागतील, आणि वाक्य तर चारच पावलांचं आहे. भावे नाट्यमंदिरात जाऊन व्यवस्थापकांना विचारून रंगमंच मोजून घे. टेप नसेल तर सुतळी घेऊन जा, गाठी मार. हॉलमध्ये तेवढी जागा खडूने आख, मावत नसेल तर निदान खिडकी आणि खुर्ची यांच्यातलं अंतर तरी खरं ठेव. हे कोणी तुला सांगणार नाही, आणि तू केलंस तर सरांच्या लगेच लक्षात येईल. प्रयोगाच्या दिवशी रंगमंच हातात येतो, नेपथ्य उभं करायचं, दिवे लावायचे, त्यातून वेळ उरला तर एक धावती तालीम. त्या गडबडीत कुठल्या टेबलावर काय, कोणाची एण्ट्री कुठल्या विंगेतून, हे वही न उघडता सांगणारी तू एकटी असशील. आणि रंगीत तालमीला दहा मिनिटं उठून शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बस. तिथून मुलीचा चेहरा दिसतो का, पत्र वाचताना काका ऐकू येतात का, ते बघ. एकांकिका बसवताना हेच तुझ्या कामी येईल, मुलांकडे तेव्हा तुझ्याशिवाय दुसरं कोणी नसेल.

राहायचं ठरवलंस तर एक गोष्ट आताच विचारून घे. स्पर्धेच्या प्रवेशिकेत आणि प्रयोगाच्या पत्रकावर सहायक दिग्दर्शक म्हणून तुझं नाव आहे ना? लाजू नकोस. संस्थेच्या कार्यवाहांना साधा मेसेज टाक, नाव नीट लिहून पाठव. नंतर "राहून गेलं" ऐकून घरी रडण्यापेक्षा आज विचारलेलं बरं. साताऱ्याहून, कऱ्हाडहून, इस्लामपूरहून मला अशी पत्रं येतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींचं दुखणं पत्रकावरच्या त्या एका ओळीचं असतं.

आईचं म्हणणं मला पटतं. अकराला तालीम सुटते आणि मग तू एकटी गाडीवरून जातेस, हे बरं नाही. वेळापत्रक तूच लावतेस ना? मग मुलींचे प्रवेश आधी ठेव, आणि शेवटी तुला थांबावं लागलं तर त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी घरापर्यंत सोबत यायचं, हे सरांकडून ठरवून घे. आणि आईला एकदा तालमीला घेऊन ये. ती बसेल एका बाजूला आणि तू काय करतेस ते बघेल.

एकांकिकेच्या मुलांना आज रात्रीच कळव. सांग की मला करायचंय, संहितेची प्रत पाठवा, वाचन मात्र आमचा प्रयोग झाल्याच्या दुसऱ्या रविवारी ठेवूया. मधला एक रविवार झोपायला राहू दे. आणि त्यांच्यात सहायक कोण होणार, हे त्यांना आत्ताच विचारून ठेव.